एक विनोदी बोलपट आणि सोलापूरचे कुंपण

जुने विनोदी बोलपट पुन्हा पाहणे ही एक जोखीमच आहे. ज्या प्रसंगांनी एके काळी प्रेक्षकगृह खदखदून हसले, ते साठ वर्षांनंतर पाहताना बहुधा हसू येत नाही. आणि ते का येत नाही याचा विचार करू लागले म्हणजे बोलपट बाजूस राहतो व इतिहासाचा एखादा विसरलेला दरवाजा उघडतो. 'सार्जंट्स थ्री' हा १९६२ सालचा अमेरिकन बोलपट अलीकडे पुन्हा पाहत असता प्रस्तुत लेखकाचे असेच झाले. पडद्यावर अमेरिकेतील लाल कड्यांचा प्रदेश, उधळणारे घोडे व तीन मद्यप्रिय शिपाई दिसत होते. पण मन मात्र सोलापूर, तुळजापूर आणि नळदुर्ग या पन्नास किलोमीटरांच्या टापूत घोटाळत राहिले. असे का झाले, ते वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम बोलपटाची ओळख करून देणे इष्ट होईल. अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांतील गुराखी, शिपाई, दरवडेखोर व तेथील मूळ रहिवासी यांच्या झटापटींवर जे बोलपट निघाले, त्यांस 'वेस्टर्न' असे नाव आहे. 'सार्जंट्स थ्री' हा त्या जातीचा, पण विनोदी अंगाने गेलेला बोलपट. त्याचे दिग्दर्शक जॉन स्टर्जेस. दोनच वर्षांपूर्वी, म्हणजे १९६० साली, त्यांनी 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला होता आणि आपल्याकडील 'शोले'वर (१९७५) त्याची छाया पडलेली रसिकांस ठाऊकच आहे. परंतु 'सार्जंट्स थ्री' पाहावयास लोक गेले ते दिग्दर्शकासाठी नव्हे. ते गेले पाच रंजकांच्या एका टोळीसाठी. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस (धाकटे), पीटर लॉफर्ड आणि जोई बिशप हे ते पाच जण. कोणी गायक, कोणी नट, कोणी नकलाकार. वृत्तपत्रांनी त्यांस 'रॅट पॅक', म्हणजे उंदरांची टोळी, असे लाडके नाव दिले होते. १९६० च्या आरंभी लास व्हेगास येथे दिवसा बोलपटाचे चित्रीकरण करावयाचे व रात्री 'सँड्स' हॉटेलच्या रंगमंचावर एकमेकांची टिंगल करीत गावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांतील लॉफर्ड हे केनेडींचे मेहुणे; त्यामुळे १९६१ साली केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर या टोळीला राजदरबारचे तेजही चढले. पुढे सिनात्रा व लॉफर्ड यांचे बिनसले, आणि पाचही जण एकत्र आल्याचा हा शेवटचाच बोलपट ठरला.

आपण 'टोळी' आहोत असे हे पाच जण मोठ्या अभिमानाने मिरवीत. या शब्दाची वाचकांनी आठवण ठेवावी. पुढे तो निराळ्या अर्थाने भेटणार आहे.

कथानक असे. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरचा काळ. घोडदळातील तीन सार्जंट, सिनात्रा, मार्टिन व लॉफर्ड, हे मित्र. मारामारी करावी, दारू प्यावी, वरिष्ठांस चकवावे हा त्यांचा नित्यक्रम. लॉफर्ड लष्कर सोडून लग्न करण्याच्या बेतात असतो व त्याचे ते बेत मोडून काढण्याचा खटाटोप उरलेले दोघे करीत असतात. जोना विल्यम्स नावाचा, नुकताच दास्यमुक्त झालेला, तुतारी वाजविणारा एक काळा मनुष्य त्यांच्या मागे लागतो; आपणही शिपाई व्हावे ही त्याची तळमळ. ही भूमिका सॅमी डेव्हिस यांची. इकडे मूळ रहिवाशांचा एक कडवा पंथ डोंगरातील गुप्त स्थानी जमतो, गोऱ्यांच्या संहाराच्या शपथा घेतो, आपले मित्र त्याच्या हाती सापडतात, आणि अखेरीस जोनाची तुतारी सैन्यास सावध करते.

ज्याने जुने बोलपट पाहिले आहेत त्यास ही कथा ऐकताच ओळख पटावी. १९३९ साली आर. के. ओ. कंपनीने काढलेल्या 'गंगा दीन' या बोलपटाचीच ही दुसरी आवृत्ती होय. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांची त्याच नावाची कविता आणि 'सोल्जर्स थ्री' या त्यांच्या कथा यांवरून तो बेतला होता. दिग्दर्शक होते जॉर्ज स्टीव्हन्स. तेथेही तीन सार्जंट, पण ते इंग्रजी फौजेचे. तेथेही एकाचे लग्न व दोघांची कारस्थाने. जोनाच्या जागी गंगा दीन हा पाणक्या भिस्ती, ज्याला शिपाई व्हावयाचे आहे. आणि डोंगरातील कड्या पंथाच्या जागी कालीचे उपासक ठग. न्यूयॉर्कचे सॅम जॅफी हे तोंड काळे करून भिस्ती झाले होते, तर ठगांचे गुरू झाले होते इटलीत जन्मलेले एदुआर्दो चानेल्ली. हिंदुस्थानचा वायव्य सरहद्दीचा प्रदेश म्हणून जे डोंगर दाखविले, ते होते कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळचे.

तेवीस वर्षांनी त्याच कथेचा पोशाख तेवढा बदलला. चित्रीकरणाचा तळ यूटा प्रांतातील कॅनॅब गावाच्या आसपास पडला, पगड्यांच्या जागी पिसे आली, ठगांच्या जागी 'घोस्ट डान्स' करणारे मूळ रहिवासी आले, आणि त्यांचा नायक झाला ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हेन्री सिल्वा. कथेच्या सांगाड्यास कोठेही धक्का लागला नाही. एका खंडातील लोक काढून दुसऱ्या खंडातील लोक त्याच जागी बसविता आले व तरीही गोष्ट चालली, यातच या बोलपटाचे सारे रहस्य आहे. जी जागा कोणासही बसवून भरता येते, ती जागा मुळात कोणाचीच नसते. तो सांगणाऱ्याच्या भयाने व सोयीने आखलेला एक रिकामा चौकोन असतो.

हा चौकोन प्रथम आखला गेला तो आपल्या देशात, आणि त्यात रंग भरणाऱ्यांपैकी एक मनुष्य आपल्या शेजारचाच होता, हे पाहिले म्हणजे सोलापूरच्या वाचकास या परक्या बोलपटाशी आपले काय नाते आहे ते समजेल.

कंपनी सरकारने विल्यम स्लीमन यांच्या हाती ठगांच्या बंदोबस्ताचे काम दिले, आणि १८३६ साली त्यासाठी एक खास कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीत होता एवढे शाबीत झाले की जन्मठेप. पुरावा बहुतांशी माफीच्या साक्षीदारांचा. वाटमारी व खून त्या काळी होत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. मराठेशाही व पेंढारी यांच्या पाडावानंतर हजारो शिपाई बेकार झाले होते, रस्ते असुरक्षित होते, आणि प्रवाशांचे गळे आवळले जात होते. परंतु या सर्व गुन्ह्यांमागे हिंदुस्थानभर पसरलेला एकच गुप्त धर्मपंथ आहे, ही कल्पना कितपत खरी आणि कितपत साक्षीदारांच्या भयातून व अधिकाऱ्यांच्या उत्साहातून जन्मलेली, याविषयी इतिहासकारांत आजही वाद आहे.

ही कल्पना जगभर पोहोचविली ती १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' या कादंबरीने. 'गंगा दीन' बोलपट निघाला त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी. तिचे लेखक फिलिप मेडोज टेलर हे निजामाच्या नोकरीत होते. पुढे १८५३ पासून काही वर्षे ते नळदुर्गास जिल्ह्याचे अधिकारी म्हणून राहिले. तुळजापूर हे त्यांच्या चांगल्या परिचयाचे. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'तारा' या त्यांच्या मराठेशाहीवरील कादंबरीची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मणाची कन्या आहे. टेलरसाहेब हा मनुष्य वाईट नव्हता. येथील भाषा, माणसे व रीतिरिवाज यांविषयी त्यांच्या मनात खरा जिव्हाळा होता, आणि सुरापूरच्या बेरड राजाच्या अज्ञानपणी त्यांनी त्या संस्थानाचा कारभार पाहिला होता. तथापि ग्रंथाचे दैव ग्रंथकाराच्या हाती नसते. ज्या भवानीच्या डोंगराखाली ते वावरले, जी लक्षावधी मराठी घरांची कुलस्वामिनी, तिचे नाव इंग्रजी वाचकांच्या मनात गळा आवळणाऱ्यांच्या देवतेचे म्हणून रुजले. आणि शंभर वर्षांनी लोन पाइनच्या डोंगरात उभारलेल्या पुठ्ठ्याच्या देवळात तिचीच काळी सावली नाचू लागली.

कादंबरी व बोलपट यांच्या मधल्या काळात या कल्पनेने आणखी एक रूप घेतले, आणि ते मात्र पुठ्ठ्याचे नव्हते. 'टोळीत असणे हाच गुन्हा' हे १८३६ च्या कायद्याचे तत्त्व १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने वाढविले. आता टोळी म्हणजे चार वाटमारे उरले नाहीत. संपूर्ण जातच्या जात, तान्ह्या मुलासकट, गुन्हेगार ठरविण्याची मुभा सरकारास मिळाली. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली देशभर लागू करण्याची तरतूद झाली, व मुंबई इलाख्यात कैकाडी, पारधी, भामटे यांसारख्या जमाती त्याच्या कक्षेत आल्या. त्यांच्यासाठी वसाहती उभारल्या गेल्या. त्यांपैकी एक मोठी वसाहत सोलापुरास होती. गावाने तिला इंग्रजी नावच दिले: सेटलमेंट.

तारेचे कुंपण, नावाची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, आणि बाहेर जावयाचे तर परवाना, असा तेथील आयुष्यक्रम असे. वसाहतीतील स्त्रीपुरुष शहरातील कापडगिरण्यांत कामास जात व परत कुंपणाच्या आत येत. मुलांस आईबापांपासून वेगळे काढून शाळेत ठेवण्याचा अधिकारही १९११ च्या कायद्याने दिला होता. त्यात सुधारणेचा हेतू नव्हता असे नाही. पण ज्याचा अपराध त्याच्या जन्मात आहे असे ठरले, त्याने सुधारावे तरी कशातून?

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. कारण तेथील कथाही याच वळणाची आहे. ज्या 'घोस्ट डान्स'ला बोलपटाने खुनी कटाचे रूप दिले, तो खरोखर काय होता? नेवाडा प्रांतातील पायूट जमातीचा वोवोका नावाचा मनुष्य १८८९ साली सांगू लागला की, मला दृष्टांत झाला आहे. भांडू नका, चोरी करू नका, गोऱ्यांशी सलोख्याने राहा, आणि हे नृत्य करा. म्हणजे मेलेले पूर्वज परत येतील व नाहीसे झालेले गवे पुन्हा माळावर चरू लागतील. सर्वस्व गमावलेल्या लोकांचे हे भजन होते. राखीव प्रदेशांच्या सीमेत कोंडलेल्या व उपासमारीने गांजलेल्या लकोटा लोकांनी ते उचलले, तेव्हा अधिकारी घाबरले. १५ डिसेंबर १८९० रोजी सिटिंग बुल यांस पकडावयास गेलेल्या पोलिसांच्या हातून ते मारले गेले. आणि २९ डिसेंबर रोजी वूंडेड नी या ठिकाणी घोडदळाने अडीचशेहून अधिक माणसे ठार केली, त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. त्या कामगिरीबद्दल शिपायांस शौर्यपदकेही देण्यात आली.

हा इतिहास ठाऊक असलेल्यास 'सार्जंट्स थ्री'मधील डोंगरातला प्रसंग पाहताना हसू येणे कठीण आहे. जे घोडदळ येथे तीन विदूषकांच्या रूपाने नाचते, त्याच्याच बंदुकांखाली ते नृत्य करणारे लोक मेले होते. 'गंगा दीन'मधील ठग आणि या बोलपटातील नर्तक एकाच जागी का बसू शकले, याचेही उत्तर येथे मिळते. दोघांच्याही वास्तव वंशजांभोवती सरकारने रेषा आखली होती. एकीकडे तिला राखीव प्रदेश म्हणत, दुसरीकडे सेटलमेंट.

या पाच जणांच्या टोळीतही एक रेषा होतीच. सॅमी डेव्हिस हे त्यांतील बहुधा सर्वांत गुणी कलावंत: गायन, नृत्य, नक्कल, वादन, सर्वांत पारंगत. परंतु १९६० च्या मार्चपर्यंत लास व्हेगासमधील बड्या हॉटेलांची व जुगारगृहांची दारे काळ्या लोकांस बंद होती. रंगमंचावर त्यांच्या वर्णावरून मित्र जे विनोद करीत, त्यांवर तेच सर्वांत मोठ्याने हसत. बोलपटात त्यांना मिळाली भिस्त्याची जागा. शिपाई होण्यासाठी सार्जंटांच्या मागे धावणाऱ्या भाबड्या माणसाची. वास्तविक अमेरिकेच्या सैन्यात १८६६ सालीच काळ्या शिपायांची दोन घोडदळ पलटणे उभी राहिली होती. जोनास सार्जंटांची मनधरणी करण्याचे कारणच नव्हते. इतिहासाने त्यास घोडा आधीच दिला होता, कथेने तो काढून घेतला. चौकोन सोयीचा असला म्हणजे इतिहासही गैरसोयीचा होतो.

आपल्याकडे या साऱ्याचे काय झाले? १९३८ साली 'द ड्रम' या साम्राज्यस्तुतिपर बोलपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली होती. पाठोपाठ आलेल्या 'गंगा दीन'विरुद्ध हिंदी पत्रांनी झोड उठविली. 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल यांची लेखणी अशा बोलपटांवर तुटून पडण्यात अग्रेसर होती. आणि हिंदुस्थानात त्यावर बंदी आली. तो राग न्याय्य होता. सोलापूरकरांस तर तो विशेष समजावा. १९३० च्या मे महिन्यात याच शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांस येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले होते. गोरा सार्जंट हा विनोदाचा विषय नव्हे, हे या शहराने रस्त्यावर पाहिले होते.

परंतु येथेच आपण थोडे अंतर्मुख व्हावे असे वाटते. 'आम्हांस ठग म्हणता काय?' असे सुशिक्षित समाज ज्या वर्षी संतापून विचारीत होता, त्याच वर्षी सोलापुरात तारेच्या आत माणसांची हजेरी घेतली जात होती. हॉलिवुडने आपणा सर्वांस ज्या चौकोनात बसविले त्याची चीड आपणांस आली. पण त्याच चौकोनात आपल्याच गिरणीत शेजारी काम करणारा मनुष्य बसविलेला आहे, याविषयी आपल्या मासिकांनी व सभांनी त्या मानाने फार थोडे म्हटले. 'भामटा' हा शब्द आपण आजही लबाड या अर्थी सहज वापरतो. ते एका जमातीचे नाव आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसते. परक्याने केलेला अपमान ओळखणे सोपे असते. आपल्या भाषेत मुरलेला अपमान ओळखावयास अधिक प्रामाणिकपणा लागतो.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि 'गुन्हेगार' म्हणविले जाणारे लोक 'विमुक्त' झाले. तो दिवस अद्याप विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी हे वस्तीचे नाव मात्र टिकून आहे, आणि त्यातील 'फ्री' हा शब्द कशापासून मुक्त, असा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. पुढे चौकोनातील माणसे स्वतः बोलू लागली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), भीमराव गस्ती यांचे 'बेरड' या आत्मकथनांनी मराठी वाचकास प्रथमच आतून सांगितलेली गोष्ट ऐकविली. टेलरसाहेबांच्या कादंबरीत गुन्हेगार अधिकाऱ्यापुढे कबुलीजबाब देतो. या पुस्तकांत मनुष्य वाचकापुढे साक्ष देतो, आणि आरोपी कोण हे ठरविणे वाचकाकडे येते.

जुन्या कथेची खोड मात्र सहजी गेली नाही. १९८४ साली 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'मध्ये कालीचे देऊळ व ठग पुन्हा अवतरले. अमरीश पुरी यांच्यासारखा थोर नट त्यांचा पुजारी झाला.

असो. 'सार्जंट्स थ्री' मुळीच पाहू नये असे मात्र प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. स्टर्जेस यांनी टिपलेले लाल कडे व घोड्यांच्या धावा आजही डोळ्यांस सुखवितात. मार्टिन यांचा आळसावलेला विनोद मधूनच हसवितो. सॅमी डेव्हिस पडद्यावर आले की आपण त्यांच्याकडेच पाहत राहतो. पण घरातील मुलांसमवेत तो पाहण्याचा योग आलाच, तर डोंगरातील नाचाच्या प्रसंगी क्षणभर थांबून त्यांस दोन गोष्टी सांगाव्यात. पाच नामांकित लोक हौसेने स्वतःस टोळी म्हणवीत, आणि बोलपट संपला की आपापल्या घरी जात. त्याच शब्दाखाली ज्यांची नावे सरकारी वहीत जन्मतःच लिहिली गेली, त्यांना सोलापुरात घरी जावयासही परवाना लागे.